लॉर्कनच्या एलचा रंग

फिंटन डेलाहंटीला रंगातलं कळत नाही, असं म्हणायची आयर्लंडमधल्या किलब्रॅकन गावात कुणाची छाती नव्हती. काउंटी कौन्सिलच्या बांधकाम परवानगी खात्यात चौतीस वर्षं काढलेला माणूस! कुणाचं छप्पर निळसर काळं आहे आणि कुणाचं काळसर तपकिरी, हे तो चालत्या गाडीतून सांगायचा, आणि घरमालक शिडीवरून खाली उतरायच्या आत नोटीस टपालात पडलेली असायची. लाल कौलांना तर त्याने हयातीत परवानगी दिली नाही. 'परिसराच्या स्वरूपाशी विसंगत' हे त्याचं लाडकं वाक्य. अशा माणसाने निवृत्तीनंतर वीस लिटर बीअरला लाल रंग आणता आणता स्वतःचं पार हसं करून घ्यावं, यात गावाला गंमत वाटली तर गावाला दोष देण्यात अर्थ नाही.

मुळात बीअर हा फिंटनचा प्रांतच नव्हे. तो त्याच्या थोरल्या भावाचा, लॉर्कनचा. तसे सगळेच प्रांत लॉर्कनचे. काठी-चेंडूच्या हर्लिंग खेळात गावाचा गोलकीपर लॉर्कन, चर्चच्या गायकवृंदातला खर्जाचा आवाज लॉर्कन, कुणाची गाय अडली की मध्यरात्री धावणारा लॉर्कन. फिंटनची ओळख एकच, लॉर्कनचा भाऊ. लोकांची घरं त्याने नाकारली तरी लोक म्हणायचे, "लॉर्कनच्या भावाने नाकारलं." निवृत्तीच्या समारंभात कौन्सिलच्या अध्यक्षांनी "आपल्या लॉर्कनचे धाकटे बंधू" अशी सुरुवात केली आणि पुढची दहा मिनिटं एका जुन्या सामन्यात लॉर्कनने अडवलेल्या चेंडूचं वर्णन केलं. फिंटनला एक भिंतीवरचं घड्याळ मिळालं. ते मागे पडतं.

लॉर्कन घरी लाल एल नावाची बीअर बनवायचा. नाताळच्या आठवड्यात, सामना जिंकल्यावर आणि हरल्यावरही, अख्खं गाव त्याच्या स्वयंपाकघरात लोटायचं. जुनं घर, हातभर जाडीच्या भिंती, पोस्टाच्या तिकिटाएवढी खिडकी. कोपऱ्यात येशूच्या पवित्र हृदयाची तसबीर, तिच्याखाली आईच्या वेळेपासून जळत असलेला लहानसा लाल दिवा, आणि त्याखाली बीअरचं पिंप. ग्लास भरला की लॉर्कन तो आधी दिव्यापुढे धरायचा. "पहिला मान त्याचा," तो म्हणायचा, "मग आपण." मग सगळेच आपापला ग्लास दिव्यापुढे धरायचे, कधी चर्चमध्ये मिस्साला न जाणारेसुद्धा. आणि मग कुणीतरी म्हणायचंच, "काय रंग आहे रे लॉर्कन!" हे वाक्य फिंटनने आयुष्यात इतक्या वेळा ऐकलं होतं की त्याच्या दाढा दुखायच्या.

गेल्या ऑगस्टमध्ये लॉर्कन गेला. गवत कापता कापता बांधावर टेकला तो उठलाच नाही. दफनाच्या वेळी एका गृहस्थाने फिंटनचा हात दोन्ही हातांत धरून "चांगला डेलाहंटी गेला" असं त्याचं सांत्वन केलं.

या वर्षीच्या कृषी प्रदर्शनात समितीने गुरं, घोडे, जॅम आणि स्पंज केक यांच्या जोडीला एक नवी स्पर्धा घातली. घरगुती लाल एल, आणि त्यासाठी 'लॉर्कन डेलाहंटी स्मृतिचषक'. चषकावर दरवर्षी विजेत्याचं नाव कोरणार. नियम छापून घरोघरी आले. चवीला तीस गुण, फेसाला दहा, आणि 'रंग दिवंगत लॉर्कन यांच्या एलशी जुळणारा' याला साठ.

फिंटनने तो कागद तीनदा वाचला आणि बायकोला म्हणाला, "डिम्फना, मी भाग घेणार."

"कशात?"

"चषकावर नाव कोरतात."

"त्यावर आधीच लॉर्कनचं नाव आहे."

"त्याच्या खाली कोरणार."

"म्हणजे नेहमीच्याच जागी," डिम्फना म्हणाली आणि कपडे वाळत घालायला निघून गेली.

बायका असं बोलतात आणि विसरून जातात. नवरे ते घेऊन शेडमध्ये जातात.

लॉर्कनची कृती त्याच्या बायकोकडे होती. एथ्ना अजून त्याच घरात राहायची. तिने फडताळातून एक तेलकट चिठ्ठी काढून दिली. पाणी इतकं, फिकट माल्ट इतका, हॉप्सची कडू फुलं इतकी, उकळायचं इतका वेळ. आणि सगळ्यात शेवटी, रंगासाठी: 'काळे भाजलेले सातू, एक मूठ'.

"मूठ म्हणजे किती?" फिंटनने विचारलं.

"त्याची मूठ," एथ्ना म्हणाली.

त्याच फडताळात एक बाटली एकटीच उभी होती. काळपट काचेची, पत्र्याच्या बुचाची.

"ही त्याची शेवटची," एथ्ना म्हणाली. "प्रदर्शनानंतरच्या मंगळवारी वर्ष होतंय. मिस्सा झाली की घरी येऊन ही उघडणार आणि इथे बसून पिणार. कुणी येऊ नका. तूसुद्धा येऊ नकोस, राग मानू नकोस."

फिंटनने राग मानला नाही. त्याच्या डोक्यात मूठ होती. लॉर्कनचे हात फावड्यासारखे, त्याशिवाय गोलकीपर होता येत नाही. फिंटनचे हात शिक्के मारण्यात गेलेले. त्याने आपली एक मूठ घातली, वीस लिटर उकळले, यीस्ट टाकलं, पिंप शेडमध्ये ठेवलं आणि दोन आठवडे त्याच्या बुडबुड्यांकडे बघत बसला. मग ग्लास भरून डिम्फनापुढे ठेवला.

डिम्फनाने चष्मा लावला. "फिंटन, हे डॉक्टरकडे तपासायला द्यायचंय का?"

रंग खरोखरच तसा होता. पिवळसर, आजारी.

शेजारचा इग्नेशियस कॉमरफर्ड, सगळं गाव त्याला इगी म्हणतं, कुंपणावर कोपरं टेकून हे बघत होता. इगीला निवृत्त होऊन वीस वर्षं झाली आणि कशातून निवृत्त झाला हे कुणालाच नीट ठाऊक नाही. तोही दरवर्षी थोडीफार बीअर बनवतो. ती पाण्यासारखी फिक्की होते आणि तो ती मिटक्या मारत पितो.

"तुझी मूठ पोरीची आहे रे," इगी म्हणाला. "लॉर्कनच्या मुठीत तुझ्या चार बसतील. घाल बिनधास्त!"

फिंटनने चार घातल्या. दोन आठवड्यांनी पिंपातून जे निघालं ते डांबर होतं. ग्लासाच्या पलीकडे ठेवलेली मेणबत्तीसुद्धा दिसेना. चव करपलेल्या पावासारखी. फिंटनने ते ओतून द्यायला उचललं, तर इगी कुंपणावरून ओरडला, "अरे थांब, थांब! मला दे. माझ्या कोबीला गोगलगायी लागल्यात. बशीत बीअर ठेवली की येऊन बुडून मरतात."

"सगळी ने," फिंटन म्हणाला. वीस लिटर. गोगलगायी किती असतील याचा विचार त्याने केला नाही, ही त्याची चूक पुढे महागात पडली.

तिसऱ्या खेपेला पलीकडच्या घरातल्या कॉन्सेप्टा फेलनने सल्ला दिला. या बाई गुलाब आणि गुडघेदुखी या दोन विषयांवर दिवसभर बोलू शकतात. "लाल हवंय ना? मग बीट घाल. माझी मावशी घालायची."

"बीअरमध्ये?"

"सुपात. पण लाल ते लालच ना!"

फिंटनने इतकं खालच्या पातळीवर उतरायला नको होतं. पण दोन खेपा फुकट गेलेला माणूस सुपाचासुद्धा आधार घेतो. बीअर लाल झाली हे कबूल करायला हवं. फेस मात्र गुलाबी झाला, लहान मुलीच्या वाढदिवसाच्या केकवर असतो तसा. शिवाय तिला मातीचा वास येत होता. कॉन्सेप्टाबाईंनी एक घोट घेतला, "मावशीचं सूप चांगलं व्हायचं," म्हणाल्या आणि गुडघा धरत घरी गेल्या.

आता या सगळ्याच्या मध्ये फिंटनने प्रवेशअर्ज भरला होता, आणि इथे समितीच्या चिटणीस अॅट्रॅक्टा हॉइन यांची ओळख करून द्यायला हवी. निवृत्त मुख्याध्यापिका. बारा वर्षांपूर्वी यांनी घराच्या मागे एक काचेची खोली बांधली होती, हिवाळ्यात उन्हात बसून वाचायला. तिचं छप्पर लाल होतं. फिंटनने ती पाडायला लावली. बाई तेव्हा एक शब्द बोलल्या नव्हत्या. त्यांनी फक्त प्रत्येक पत्र जपून ठेवलं होतं.

फिंटनचा अर्ज परत आला. 'अधिक माहिती मागवण्यात येत आहे.' हे वाक्य फिंटनने स्वतः चौतीस वर्षं लोकांना पाठवलं होतं. आपल्याच हातचं जेवण आपल्याला वाढल्यासारखं त्याला वाटलं. बाईंना बीअर जिथे बनली त्या जागेचा नकाशा हवा होता, एकास हजार प्रमाणात, सहा प्रतींत. त्याने दिला. अर्ज परत आला, शाई निळी आहे, काळी हवी. त्याने काळी केली. तिसऱ्यांदा बाईंचा फोन आला.

"मिस्टर डेलाहंटी, तुमच्या नकाशावरून तुमची शेड सव्वीस चौरस मीटर भरते."

"बरं मग?"

"पंचवीसपर्यंत परवानगी लागत नाही. त्यावर लागते. हे तुम्हीच मला समजावलं होतं, माझ्या दारात उभे राहून. छत्री घेतली होती तुम्ही, मला आठवतं. विनापरवाना जागेत बनलेला माल समितीला स्वीकारता येणार नाही."

"अहो, पण हे बीअरचं प्रदर्शन आहे!"

"आणि ती वाचायची खोली होती," बाई म्हणाल्या आणि फोन ठेवला.

फिंटनला आलेला राग इतका शुद्ध होता की त्याला त्यात स्वतःचा काही दोष दिसेना. त्याने करवत घेतली आणि शेडचा एक चौरस मीटर कापून काढला. उघड्या बाजूला प्लास्टिक ठोकलं. त्या आठवड्यात पाऊस झाला, प्लास्टिक सुटलं, माल्टचं पोतं भिजून त्याला बुरशी आली आणि गवत कापायचं यंत्र गंजलं. डिम्फना खिडकीतून बघत होती. "एका कपासाठी," ती म्हणाली, "आपल्याकडे कप आहेत, फिंटन. फडताळभर आहेत."

पण मानी माणूस एकदा शेड कापून बसला की त्याला माघार घेता येत नाही.

चौथ्या खेपेला त्याने सगळ्यांचे सल्ले बंद केले आणि आपल्या खात्याच्या शिस्तीने काम सुरू केलं. आधी फिकट बीअर बनवून घेतली. मग मूठभर भाजलेले सातू थंड पाण्यात रात्रभर भिजत घातले. सकाळी गाळल्यावर त्यांचा कॉफीसारखा काळा अर्क निघाला. तो त्याने डिम्फनाच्या कानाच्या औषधाच्या नळीने थेंब थेंब ग्लासात सोडला. प्रत्येक थेंबानंतर ग्लास उत्तरेच्या खिडकीत, पांढऱ्या कागदापुढे, सकाळी बरोबर अकरा वाजता. नऊ थेंबांना तांबूस. बाराला तांबडं. चौदाला तो रंग आला! डोळ्यांसमोर लॉर्कनच्या हातातला ग्लास उभा राहिला, तोच, अगदी तोच लाल. पंधराव्याला गेला, काळपट झाला. चौदाच. त्याने वीस लिटरचा हिशोब केला, अर्क मोजून ओतला, ढवळलं, आणि दुसऱ्या दिवशी अकरा वाजता ग्लास खिडकीत धरला. फिंटनच्या डोळ्यांत पाणी आलं. हे त्याने कुणाला सांगितलं नाही, पण डिम्फनाने बघितलं होतं.

आता भीती एकच. समितीच्या बैठकीला तो गेला तेव्हा सगळे लॉर्कनच्या एलच्या आठवणी काढत होते. इगी म्हणाला ती मावळत्या सूर्यासारखी होती. कॉन्सेप्टाबाई म्हणाल्या, कार्डिनलच्या लालभडक झग्यासारखी. कुणी म्हणालं त्याहून लाल. एका वर्षात ती एल इतकी लाल झाली होती की जिवंतपणी लॉर्कनलासुद्धा ती जमली नसती. फिंटनच्या लक्षात आलं की आपली बीअर एलशी नाही, या आठवणींशी लढणार आहे आणि आठवणींपुढे आपण नेहमी हरतो.

म्हणून त्याने समितीला रीतसर पत्र लिहिलं. चार अटी. त्यातली चौथी अशी: 'रंगाची तुलना केवळ मूळ नमुन्याशी, सभागृहात, दिवसाच्या उजेडात, पांढऱ्या कापडावर करण्यात यावी. स्मरणशक्ती हा पुरावा ग्राह्य धरू नये.'

अॅट्रॅक्टाबाईंनी एका दिवसात मंजुरी कळवली. शाईबद्दलही काही म्हणाल्या नाहीत. तेव्हाच फिंटनला संशय यायला हवा होता.

मूळ नमुना म्हणजे एथ्नाची बाटली. तो तिच्या स्वयंपाकघरात गेला, खुर्चीच्या टोकावर बसला आणि विषय काढला. एथ्नाने फडताळाकडे बघितलं.

"उघडलेली बाटली मंगळवारपर्यंत टिकते का रे?"

"एकच घोट ओततील. बूच घट्ट लावून परत आणून देतो. शपथ."

"लोकांना आठवतंय की रंग. बाटली कशाला हवी?"

"लोकांना काय हवं ते आठवतंय!" फिंटनचा आवाज चढला, मग एकदम पडला. "एथ्ना, एकसष्ट वर्षं मी लॉर्कनचा भाऊ आहे. माझा राग नाही त्याच्यावर. तो चांगलाच होता, तोच तर त्रास आहे. पण एकदा, एकदाच मला त्याच्या तोडीचं काहीतरी जमलंय. ते कुणीतरी शेजारी ठेवून बघायला नको का?"

एथ्नाने त्याच्याकडे बघितलं. मग उठली, फडताळ उघडलं आणि बाटली त्याच्या हातात दिली. "सांभाळून ने," एवढंच म्हणाली.

प्रदर्शनाच्या रविवारी सभागृह गच्च भरलं होतं. उंच खिडक्यांतून स्वच्छ ऊन येत होतं, पांढऱ्या कापडावर सहा ग्लास मांडले होते आणि परीक्षक म्हणून कार्लोहून मिस्टर ब्रॉफी आले होते. हसायला पैसे पडतात असं समजणारा, काटक, प्रामाणिक माणूस. सहा ग्लासांत फिंटनचा ग्लास उठून दिसत होता. लाल, स्वच्छ, खिडकी आरपार दिसत होती. लोक कुजबुजत होते. कॉन्सेप्टाबाई स्पष्ट म्हणाल्या, "अगं बाई, हुबेहूब लॉर्कनची!" फिंटनने टाय सरळ केला. एथ्ना पहिल्या रांगेत पर्स मांडीवर धरून बसली होती.

इगीनेही ग्लास ठेवला होता. तो बघून फिंटनला हसू आलं. बुटाच्या पॉलिशसारखा तपकिरी.

"अट क्रमांक चार," अॅट्रॅक्टाबाईंनी चष्मा लावून वाचलं, सावकाश, एकेक शब्द चघळत. मग मिस्टर ब्रॉफींनी लॉर्कनच्या बाटलीचं बूच काढलं. फुस्स असा छान आवाज झाला. त्यांनी सातव्या ग्लासात ओतलं.

तपकिरी होती.

लालसर तपकिरी नाही, तांबूस तपकिरी नाही. दलदलीच्या माळावरून पावसात वाहत येतं त्या पाण्याच्या रंगाची, साधी, प्रामाणिक तपकिरी. सभागृहात शंभर माणसं होती आणि मागच्या गोठ्यातल्या एका बैलाचा श्वास ऐकू येत होता.

"खराब झाली असेल बाटलीत," कुणीतरी म्हणालं.

मिस्टर ब्रॉफींनी वास घेतला. एक घोट घेतला. नीट कळलं नाही म्हणून आणखी एक घेतला, आणि चांगली होती म्हणून तिसरा. एथ्नाची बोटं पर्सवर आवळली. "उत्तम आहे," ते म्हणाले. "अजिबात खराब नाही. तपकिरी आहे, इतकंच."

मग ते फिंटनच्या ग्लासापाशी आले. "हा मात्र सुंदर रंग आहे. मी वीस वर्षं परीक्षण करतोय, घरी बनवलेल्या एलला इतका सुंदर लाल मी बघितलेला नाही." फिंटनने पुन्हा टाय सरळ केला. "पण मूळ नमुन्याशी जुळत नाही. अट स्पष्ट आहे, फार चांगली लिहिली आहे. रंगाला शून्य."

"विसंगत," अॅट्रॅक्टाबाई म्हणाल्या आणि लिहून घेतलं.

इगीच्या ग्लासाला साठापैकी साठ मिळाले. दोन्ही ग्लास शेजारी ठेवले तर आईलासुद्धा वेगळे ओळखता आले नसते. चषक इगीला देण्यात आला. टाळ्या जरा उशिरा पडल्या, पण पडल्या.

इगी चषक काखेत मारून थेट फिंटनकडे आला. बिचारा मनापासून खूश होता. "अरे, तुझेच उपकार! तुझं ते डांबर आठवतं ना? सहा गोगलगायी मेल्या, बाकी पिंपभर उरलं. म्हटलं टाकायचं कशाला? माझ्या फिक्कीत निम्मं मिसळलं. गोगलगायींना आवडलं होतं, म्हटलं माणसांनाही आवडेल!"

म्हणजे अर्धा चषक फिंटनचाच होता. पण त्यावर अर्धं नाव कोरायची सोय नव्हती.

घरी न जाता फिंटन एथ्नाकडे गेला. जाणं भाग होतं, बाटली परत द्यायची शपथ घेतली होती. हातात एक आपली बाटलीही होती, का घेतली होती ते त्यालाही सांगता आलं नसतं. दार उघडं होतं. एथ्ना पवित्र हृदयाच्या तसबिरीखाली बसली होती. बाहेर ऊन होतं, आत नेहमीसारखा अंधार आणि तो लहानसा लाल दिवा. फिंटनने लॉर्कनची बाटली टेबलावर ठेवली. परीक्षकाने तीन घोट घेतले, अॅट्रॅक्टाबाईंनी खातरजमेसाठी एक घेतला, समितीतल्या दोघांनी विश्वास बसेना म्हणून घेतला. तळाशी दोन बोटं उरली होती. फेस नव्हता.

"एथ्ना, मला माफ कर," फिंटन म्हणाला. "मला वाटलं होतं..."

"ती लाल होती," एथ्ना म्हणाली. "चाळीस वर्षं मी ती बघितली. आज शंभर माणसांपुढे त्याला खोटं पाडलंस तू. त्याने कधी म्हटलं होतं का रे की ती लाल आहे? तुम्हीच म्हणायचात."

तिने ग्लास घेतला, ती दोन बोटं त्यात ओतली आणि सवयीने दिव्यापुढे धरली.

ग्लास पेटला. माणकासारखा, गडद, आतून उजळलेला लाल. फिंटनने आयुष्यभर बघितलेला, दाढा दुखवणारा तोच लाल. चौतीस वर्षं लोकांची छपरं दिवसाउजेडी तपासणारा माणूस त्या दिव्याकडे आणि ग्लासाकडे बघत राहिला, आणि कुठे काय चुकलं ते सगळं त्याला एका क्षणात कळलं.

त्याने आपली बाटली उघडली, ग्लास भरला आणि तिच्या ग्लासाशेजारी दिव्यापुढे धरला. मनात कुठेतरी आशा होती. इथे तरी. पण त्या लाल उजेडात त्याची सुंदर, स्वच्छ, चौदा थेंबांची एल पाणी घातलेल्या सरबतासारखी फिक्की पडली. रंग असा उरलाच नाही.

एथ्नाने दोन्हीकडे बघितलं. मग आपला ग्लास ओठांना लावला आणि मंगळवारसाठी राखलेलं होतं ते रविवारीच पिऊन टाकलं, त्याला न विचारता, डोळे मिटून.

"तुझी चांगली आहे रे," ती म्हणाली, ग्लास विसळत. "पण ती इथली नाही. घरी ने, खिडकीत बसून पी."

फिंटनने बाटलीला बूच लावलं. दारापर्यंत गेल्यावर मागून तिचा आवाज आला.

"आणि मंगळवारी मिस्सा झाली की ये घरी. आता काय, एकटीने प्यायला काही उरलेलं नाही."